रेषेच्या वरचं

पहिल्या दिवशी अयोध्या ढाकणेनं चाचणी बिघडवली.
तीन मिनिटं. पहिल्याच पायडलापासून सगळं ओतायचं,
मागे थेंबही ठेवायचा नाही,
असं मी दोनदा बजावलं होतं.
तिनं ठेवलं.
आलेखानं चुगली केली: शेवटच्या वीस सेकंदांत
वॅट अचानक वर,
पाहुणे गेल्यावर डब्यातून निघालेल्या लाडवांसारखे.

"सर, दोनशे किलोमीटरची सवय हाय.
सगळंच ओतलं तर घरी कशी जाऊ?"
पाटोदा इथून पन्नास किलोमीटर,
मधे मांजरसुंब्याचा घाट.

बीडच्या कॉलेजातला जुना टेबल-टेनिस हॉल,
पुण्याच्या कुठल्याशा संस्थेनं टाकून दिलेली
एका चाकाची, जागची न हलणारी सायकल,
आणि मी, रसायनशास्त्रातून इकडे ढकललेला.
मला मोजणं तेवढं येतं.

मोजायचं ते असं:
एक रेषा असते. तिच्या खाली माणूस तासन्‌तास चालतो,
श्वास पुरतो, पाय पुरतात.
वर गेला की आतला साठा लागतो,
ज्याचा त्याला ठरलेला.
तो सरला की मी कितीही ओरडलो तरी
वॅट रेषेवर येऊन बसतात,
संध्याकाळी बैल दावणीला यावेत तसे.

दुसऱ्या दिवशी तिनं ओतलं.
साठाव्या सेकंदाला मान खाली.
नव्वदाव्याला तोंडातून एक आवाज निघाला,
तो तिचा नव्हता.
एकशे दहाव्याला वीज गेली.
पडदा काळा. पंखा गरगरत थांबला.
मी "थांब" म्हणायला हवं होतं.
अंधारात साखळी फिरत होती
आणि मी, मोजणारा माणूस,
हातातलं घड्याळ सोडून ऐकत राहिलो,
कशी मंदावते,
मंदावून थांबत कशी नाही.
त्या सत्तर सेकंदांची नोंद कुठेच नाही.

तिसऱ्या दिवशी आकडा आला. अकरा हजार दोनशे ज्यूल.
ती फरशीवर आडवी, ओठ पांढरे.
"पाय थरथरायलेत सर. अकरा हजार म्हंजे लई का?"
मी कागदाच्या पाठीवर हिशेब मांडला:
पंधरा लिटरची घागर, सात परस खोल विहीर.
सहा घागरी. सातवी अर्ध्याच्याही खाली लोंबकळत.
"एवढंच?
माय तर रोज वीस काढायची."
"एका दमात नसेल काढत."
"न्हाई. मधी कठड्याला टेकायची."
मग बराच वेळ छताकडे बघत,
"आन् तवर हिरीला बी पाझर यायचा."

साठा परत भरायला किती वेळ लागतो
ते माझ्याकडची पुस्तकं
एकेक जण वेगळंच सांगतात. मी तसं सांगितलं.
तिनं गुळाचा खडा तोंडात टाकला,
वहीत सही केली,
कालच्या रकान्यात मी लिहिलेलं "वीज गेली"
वाचलं, बोटानं पुसून पाहिलं.
शाईचं होतं.

वीसेक मिनिटांनी भिंतीला टेकवलेली सायकल
सुटल्याचा आवाज आला.
मी दारात गेलो. "बस की जरा. अजून भरलं नसेल."
"रस्त्यात भरंल," म्हणाली,
आणि घाटाच्या अंगानं हळूहळू,
रेषेच्या खालून खालून, गेली.