पोटातली काडी

रात्री साडेअकराला फॉन्ट बदलत बसले आहे.
काम संपलेलं नाही, म्हणूनच.
अभ्यास नको असला की आपण पेन्सिलीला टोक काढत बसायचो, तसं.

विश्रामबागेच्या या गल्लीत एवढीच एक खिडकी जागी
आणि पडद्यावर तेच पंधरा ओळींचं फंक्शन
सात वेगवेगळ्या कपड्यांत येऊन उभं राहतंय समोर.
कांदेपोह्यांचा कार्यक्रम, फक्त या खेपेला खुर्चीत मी:
चालून दाखव.
आता स्वल्पविराम आणि पूर्णविराम
शेजारी शेजारी उभे करून दाखव.

पहिला फारच नाजूक.
त्याचा अर्धविराम चष्म्यावरची धूळ समजून पुसायला गेले.
दुसऱ्याचे महिरपी कंस इतके नटलेले
की मांडवच बघत राहावं
आणि अक्षता टाकायच्या राहून जाव्यात.
तिसरा, दोन चिन्हं जवळ दिसली की लगेच लग्न लावून देतो,
दोन आडव्या रेघा आणि एक टोक, झाला बाण.
जोडाक्षरांवर वाढलेली मी,
'ज्ञ'च्या आत कोण कोण राहतं ते कधी विचारलं नाही.
पण इथे नको.
इथे मी दोन कळा दाबल्या,
मला दोनच दिसू देत.

सगळ्यांचा नियम एक, प्रत्येकाला सारखी जागा.
ऐसपैस एमला जेवढी खोली तेवढीच सडपातळ आयला,
आणि आय मधोमध हातपाय ताणून उभा,
बदलीच्या गावी मोठं क्वार्टर मिळालेल्या
एकट्या कारकुनासारखा.

मग मी मध्येच मराठीत टीप लिहिते,
'तोलाईचा दर इथे बदलू नये, आधी दुकानात विचारावे'
आणि सगळ्या भिंती सरकतात.
वेलांटी शेजारच्या छपरावर हात टाकते,
उकार खालच्या मजल्यावर डोकावतो.
टीप पुसत नाही. राहू दे वाकडी.

खरं कारण सांगते.
मार्चमध्ये चार दिवस
शामगोंडा चौगुल्यांच्या बावीस पोत्यांची पट्टी निघेना.
हळद आली, तोलली, सौद्यात बोलली गेली, विकली गेली,
आणि माझ्या प्रोग्रॅममध्ये ती जन्मलीच नव्हती.
चार दिवस मी लॉट नंबराकडे बघत होते
आणि तो माझ्याकडे.
पाचव्या दिवशी उठून सांगलीच्या मार्केट यार्डात गेले.
नाकातोंडात पिवळी धूळ.
बाबालाल मुजावर पोत्यांवर आकडे घालत होते,
डब्यात बुडवलेला झिजका ब्रश,
आणि प्रत्येक शून्याच्या पोटात एक तिरपी काडी.

ही कशाला, विचारलं.
मान वर न करता म्हणाले,
"पोकळ ठिवलं की कुणीबी आत शिरतंय, ताई.
काडी घातली की दार बंद."

घरी येऊन पाहिलं.
शून्याच्या जागी इंग्रजीतला ओ बसला होता,
गोल, निवांत, चार दिवस माझ्या डोळ्यांदेखत.
त्या फॉन्टमध्ये दोघे जुळे भाऊ.

शाळेत एकदा ध ची रेघ मी सलग ओढली होती.
बाईंनी वाचून दाखवलं सगळ्या वर्गाला:
'घन असेल तर दान करावे.'
वर्ग हसला. मी रुसले.
एवढ्याशा फटीने काय होतं, वाटलं होतं.

तर आता सातही जणांना एकच ओळ वाचायला देते:
शून्य, ओ, एक, धाकटा एल, थोरला आय.
पाच जण तिथेच अडखळले.
उरले दोन. एकाच्या शून्यात ठिपका,
एकाच्या शून्यात काडी.
ठिपकेवाला दिसायला उजवा आहे, खोटं कशाला बोलू.
काडीवाला घेतला.
आकार चौदाचा सोळा केला.
चष्म्याच्या नंबराचा विषय सध्या नको.

पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ
अजून जुन्याच अक्षरांत चालतंय.
बारा वाजून दहा.
चार आकड्यांत तीन शून्यं,
तिन्ही पोकळ, दारं सताड उघडी.