न पाहण्याचा सराव

जुलैतली दुपार, ऑस्त्रावाची हवा
ओल्या फडक्यासारखी तोंडावर.
ट्रामच्या थांब्यावर सगळे
उडणाऱ्या मुंग्या झटकत होते.
मी खाली बघत होतो.
फरशीच्या फटीजवळ ती चालली होती,
पंख नुकतेच टाकून दिलेले,
लग्नाचे कपडे दारातच उतरवून
लगेच घर शोधायला निघाल्यासारखी.
चष्म्याच्या डबीत घालून आणली.
चष्मा खिशात तुटला.

द्राहोमीरा तीस वर्षं रक्त तपासायची.
तिच्या कपाटातून एक काचनळी मिळाली
आणि एक अट:
माझ्या लोणच्याच्या बरण्यांजवळ ठेवायची नाही.
तळाशी पाणी, मग कापूस, मग राणी,
पुन्हा कापूस.
एवढंच घर.

दुकानात काचेचे महाल होते,
वाळूचे, पुलांचे, एकाला तर बुरूजही.
मी पाकीट काढलं.
तिथला व्हित नावाचा पोरगा म्हणाला,
"आत्ता नको, आजोबा.
एकटीला मोठं घर खायला उठतं."

पहिली राणी माझ्या हातून गेली.
दर तासाला दिवा लावून बघायचो.
सात अंडी. मग पाच.
मग एकही नाही,
आणि ती काचेला डोकं लावून उभी.
घाबरली की आपलीच अंडी खाते म्हणे.
चार दिवसांनी ती पण गेली.
"तुम्ही फार पाहिलंत," व्हित म्हणाला.

आता काय सांगू त्याला.
बत्तीस वर्षं मला पाहण्याचाच पगार होता.
खाणीच्या तोंडाशी, दिव्यांच्या खोलीत.
उतरणाऱ्याला दिवा द्यायचा,
त्याचा पितळी बिल्ला खिळ्याला अडकवायचा.
वर आला की दिवा घ्यायचा, बिल्ला परत.
पाळी सुटली की मी माणसांकडे नाही,
भिंतीकडे बघायचो.
बिल्ला दिसला म्हणजे
कोणीतरी अजून खाली आहे.

दुसरी राणी ऑगस्टात मिळाली,
चर्चच्या पायरीवर.
लोकरी मोज्यात गुंडाळून खालच्या खणात ठेवली.
दहा दिवस खणाला हात लावायचा नाही.
चौथ्या दिवशी मी त्या खणाला पाठ लावून
जमिनीवर बसलो होतो.
द्राहोमीरा काही बोलली नाही,
सूप तिथेच आणून दिलं.

आत ती काही खात नव्हती.
पंख हलवणारे स्नायू आता कशाला हवेत,
तेच आतल्या आत विरघळवून
ती पोरींना भरवत होती.
हे मला व्हितनं सांगितलं.
त्या रात्री मी खांदे चोळत बराच वेळ जागा होतो.

सप्टेंबरच्या शेवटी पाच जणी.
फिकट, चहाच्या दुसऱ्या पाण्यासारख्या.
टाचणीच्या टोकावर मध दिला.
एक आली, प्यायली,
आत जाऊन बाकीच्यांच्या तोंडाला तोंड लावलं.
पाच, मी मोजलं.
झोपताना पुन्हा पाच.
रविवारी चार,
आणि कापसाजवळ एक,
पाय पोटाशी घेतलेली.

"काय झालं?" तिनं आतून विचारलं.
"एक कमी आहे."
हे वाक्य मी घरात एकदाच बोललो होतो,
त्र्याऐंशी साली, बूट न काढता.
ती हात पुसत आली,
भिंग लावलं, वाकली,
आणि म्हणाली, "नीट बघ.
तिच्या बहिणी तिला दाराशी आणून ठेवतायत.
हरवलेली नाही ही."

नोव्हेंबरात त्यांना थंडी द्यावी लागते,
पाच-आठ अंश, अंधार,
मार्चपर्यंत.
फ्रीजमध्ये जागा नव्हती.
नळी तिनंच तळघरात नेली,
काकडीच्या आणि बिटाच्या बरणीमध्ये ठेवली,
वर प्रयोगशाळेतल्या अक्षरात चिठ्ठी:
तारीख, नग चार अधिक एक,
उघडू नये.

बटाटे आणायला मी रोज खाली जातो.
दोघांना एवढे बटाटे
लागत नाहीत.