चार हजारांच्या पुढे

नऊ वर्षांनी सतरा मिनिटं.
नीलाक्षी मढवी, हिशेब कर,
वर्षाला दोनसुद्धा भरत नाहीत.
तुम्ही म्हणायला हवं, ठाऊक आहे.
पण एकोणिसाव्या वर्षी खारेगावच्या खोलीत
तुझी पहिली कॅसेट अडकली
आणि मी ती पेन्सिलीने फिरवत बसलो रात्रभर,
तेव्हापासून तोंडात तू बसलंय.

मी नौपाड्यात लोकांचे कान तपासतो.
खाली चष्म्यांचं दुकान, वर आम्ही.
ऐकू आलं की बटण दाबा, आजोबा.
नाही आलं तर नका दाबू.
अंदाजाने तर मुळीच नको.
आजोबा अंदाजानेच दाबतात.
बाहेर बाकावर बायको बसलेली असते ना.

काल साडेआठला शेवटचे पेशंट गेले
आणि मी तुझी सतरा मिनिटं घेऊन
तपासणीच्या काचेच्या खोलीत शिरलो.
दार लावलं की तिथे गोखले रोड मरतो,
हॉर्न, तव्यावरचा कालथा, गॅरेजवाल्याचा कुत्रा, सगळं.
स्वतःचं रक्त तेवढं वाहताना ऐकू येतं.

पहिल्या गाण्यात तू मध्येच खोकलीस
आणि ठेवलंस तसंच. बरं केलंस.
दुसरं मला आवडलं नाही, सांगून टाकतो.
मागे कुणी यंत्राचा ठेका टाकलाय,
लग्नाच्या हॉलमागच्या जनरेटरसारखा.
तीनदा ऐकलं. अजूनही नाही.
तिसऱ्यात तू तार षड्जापाशी गेलीस,
जिथे पूर्वी दार न वाजवता शिरायचीस,
आणि उंबऱ्यावरूनच मागे फिरलीस,
चप्पलसुद्धा न काढता.

मी हेडफोन काढून ठेवला.
राग आला होता. कुणाचा, ते कळेना.

चौथ्यात शब्दच नाहीत. पेटी,
भात्याचा श्वास, मग तोही थांबतो
आणि पुढे अर्धा मिनिट काहीच नाही.
एवढी जागा फुकट घालवायची,
तीही सतरातली?

अफसाना रजिस्टर बंद करत होती,
तिला कौशाची रिक्षा गाठायची होती.
म्हटलं, एवढा शेवट ऐकून जा,
किती वेळ उगाच रिकामं सोडलंय बघ.
तिने ऐकलं. बॅग खाली ठेवली.
रिकामं कुठेय सर? वाजतंय की.
काय वाजतंय?
बारीक आहे. म्हणजे असं, कुणीतरी
धुतलेले चमचे एकेक पुसून डब्यात टाकतंय,
पण तीन घरं सोडून.

मग मी आत बसलो आणि ती मशीनवर.
ऐकू आलं की बटण दाबा सर, ती म्हणाली,
माझ्याच आवाजात, माझ्याच कंटाळ्यात.
कागदावर माझी रेघ तीन हजारांपर्यंत सरळ चालली
आणि चार हजारांपाशी
येऊरच्या उतारावर ब्रेक न लागलेल्या सायकलीसारखी
खाली.
ती हसली नाही. पेनाने दोन ठिकाणी गोल केला.
हे दोन तुम्ही अंदाजाने दाबलेत.

नीलाक्षी, तुझा तार षड्ज गेला म्हणून
मी रुसून बसलो होतो,
आणि त्याच्या कितीतरी वर, कधीपासून कोण जाणे,
माझ्याकडचं एक मजलाभर घर
बिनभाड्याचं रिकामं पडलंय.
पंचवीस वर्षं दुसऱ्यांना सांगतोय,
वयानं होतं, घाबरू नका, सवय होईल.
कसली सवय होते, कुणी मला परत येऊन सांगितलं नाही.

आज सकाळी मासुंद्याच्या काठावर
कठड्याला टेकून चौथं पुन्हा लावलं.
पॅडलची हंसाकृती होडी
साखळीने बांधलेली, जागच्या जागी डुलत होती.
पेटी थांबली. भाता थांबला.
मी त्या अर्ध्या मिनिटात उभा राहिलो,
हातात बटण नव्हतं,
तरी कुठेतरी मध्यावर अंगठा दाबला गेला.

चमचा ऐकू आला म्हणून
की अंदाजाने,
विचारू नकोस.