डाख

सांता क्लाराच्या खोऱ्यात
माझ्या हातांना आधी जर्दाळू ठाऊक होते.
सुरीने गोल चीर, दोन भकलं, आठळी बाजूला,
फळीवर ओळीने मांडायची, तोंडं आभाळाकडे.
पेटीमागे मजुरी. जुलैभर बोटं चिकट.

मग बागा तोडल्या.
बुंधे ट्रकने गेले, खड्ड्यांवर डांबर ओतलं,
आणि बंद पडलेल्या एका स्केटिंगच्या हॉलमध्ये
मला पुन्हा बसवलं, ओळीनेच,
हातात सुरीऐवजी डाखणी.

नाव इदालिना फुर्तादो. वय एकेचाळीस. रात्रपाळी.
इंग्रजी कामापुरतं.
अर्जात ‘अनुभव’ या रकान्यात मी लिहिलं : फळं.
मुकादम डोनेगन हसला. म्हणाला, चालेल,
नाजूक वस्तू दाबायची नसते
हे तरी शिकवावं लागणार नाही.

हिरव्या पट्टीवर काळे किडे, चौदा चौदा पायांचे.
प्रत्येक पायाला थेंबभर डाख.
थेंब जास्त झाला की शेजारचे दोन पाय जुळतात
आणि पडद्यावरचा चेंडू भिंतीतून आरपार जातो.
चेंडू म्हणजे काय,
साखरेच्या खड्याएवढा एक चौकोनी ठिपका.
दुकानातून आणलेल्या टीव्हीची
बातम्या सांगायची जीभ कापायची
आणि तो तिथे सोडून द्यायचा.
वेंडेल म्हणायचा, हे सगळं नवीन आहे.
मला काय, बोट अझोर्सहून सुटल्यापासून
सगळंच नवीन होतं.

नियम असा की यंत्र पाठवण्याआधी खेळून बघायचं.
पहाटे तीनला खेळायला कोण येणार?
मीच. उजव्या हातात उजवी खुंटी, डाव्यात डावी.
उजवा हात सुरीचा, धीट.
डाव्याने आयुष्यभर फक्त फळ धरलेलं.
डावा हरायचा. अकरा-चार. अकरा-दोन.
मी पक्षपात केला नाही, शपथ.

एका रात्री वेंडेल क्विस्ट
सँडविच चावत डाव्या बाजूला येऊन उभा राहिला.
विचारलं वगैरे काही नाही.
टक्.
टक्.
बंद दारावर कुणी नखाने वाजवावं तसा आवाज.
तो शिकलेला, नकाशे काढणारा;
त्याच्या रेघांवरून माझा डाख जायचा.
त्यानेच दाखवलं :
चेंडू फळीच्या मध्यावर बसला तर सरळ परत येतो,
कडेला लागला तर तिरका सुटतो.
‘हे मुद्दाम?’
‘मुद्दाम.’
मला ते फार आवडलं.
कुणीतरी टेबलाशी बसून ठरवलं होतं
की कडेवरच्याला जास्त वाव असावा.

त्या रात्री अकरा-नऊ.
कोण जिंकलं ते सांगत नाही.

पुढच्या ऑगस्टात रात्रपाळी उठली.
मी बहिणीकडे गेले, तुरलॉकला.
तोवर घरच्या टीव्हीला जोडायचे डबे निघाले होते,
नाताळात भाच्यालाही एक आला.
खुंट्या इवल्याशा, बोटांत मावेनात,
आणि बातम्यांची वेळ झाली की त्याचा बाप वायर उपटायचा.

आणि मग एका मंगळवारी, धुलाईच्या दुकानात,
ड्रायरच्या रांगेशेवटी आमचं यंत्र.
कडांचा रंग उडालेला, वर कुणाच्या तरी कपाचं वर्तुळ,
पडद्यावर कागद चिकटवलेला : बंद आहे.
माझ्या हातचं होतं का, देव जाणे. ओळीत आम्ही बाराजणी होतो.
पण कुठे सैल पडतं ते बाराजणींनाही माहीत होतं.
उजव्या कुशीला, कमरेच्या उंचीवर,
तळव्याने एकदाच मारलं. डाव्या.

कागदामागे उजेड आला.
मी नाणं टाकलं नाही.
माझे टॉवेल ओले होते, सगळ्या घड्या व्हायच्या होत्या.
मधून मधून मान वळवून बघत होते :
फळ्या नाहीत, माणूस नाही,
आणि तो ठिपका
भिंतीला लागतोय, परततोय, लागतोय,
पावली न घेता.