गाडी काढताना

आधी क्लेरमाँवरून एक गृहस्थ आले, खिशात लोहचुंबक घेऊन.
दारांवरून, मडगार्डांवरून फिरवत राहिले.
जिथे चिकटलं नाही तिथे थांबून माझ्याकडे पाहिलं.
"इथे लांबी भरलीय."
भरलीय. मीच भरली. दोन ठिकाणी. सांगणारच होतो.
"मग अख्खा रंग का नाही मारला?"

काय सांगणार.
एकाहत्तर सालचा निळा आहे हा,
डाव्या अंगाला ऊन खाऊन
रोज धुतलेल्या शर्टासारखा झालेला.
मी गंज थांबवला, एवढंच.
सडलेलं कापलं, झिजलेलं राहू दिलं.
हा माझा नियम. दोनदा मोडला, तीच लांबी.

लेओंस व्हेर्नो मधमाश्या पाळायचा.
तो गेला, आणि ही रेनो अकरा वर्षं मेंढ्यांच्या गोठ्यात.
मागच्या सीटवर कोंबड्या बसायच्या अंड्यांवर.
दाराचं अस्तर उचकटलं तेव्हा आत, उघड्या पत्र्यावर,
पेन्सिलीने पेट्यांचा हिशेब:
शहात्तर, बावीस पेट्या, मध बरा.
सत्त्याहत्तर, सात मेल्या.
त्याखाली नुसती रेघ.
अस्तर मी नवं शिवलं. हिशेब आत आहे तसाच आहे.
स्टिअरिंगवर अजून मधमाश्यांचा डिंक,
जूनमध्ये हात चिकटतो.
हे जाहिरातीत लिहिलं नाही.

आणि हिच्या उजव्या बाजूची दोन चाकं
एकमेकांपासून लांब, डावीकडच्यांपेक्षा तीन बोटं जास्त.
अपघात नव्हे हो, कारखान्यातूनच अशी.
गृहस्थांनी टेप लावून मोजलं,
आणि तसेच, टेप गुंडाळत, निघून गेले.

मग सोलेन. युसेलची, घरोघर जाऊन
म्हाताऱ्यांच्या मलमपट्ट्या बदलणारी नर्स.
मागचं दार वर उचलून तिने एवढंच पाहिलं,
औषधांची पेटी आणि घडीची खुर्ची मावते का.
मावली.
ज्या रंगाला मी सहा वर्षं घासलं नाही
त्याची घासाघीस स्वयंपाकघरात, कॉफीवर.
चार हजार आठशे. चार हजार. चार हजार दोनशे.
खर्चाची वही टेबलाच्या खणात होती.
खण उघडला नाही.

नोंदणीच्या कागदावर तिरकी रेघ मारायची असते.
वर लिहायचं: विकली. तारीख. वेळसुद्धा.
घड्याळ पाहावं लागलं. दहा चाळीस.
पेन चालेना.
वाटलं, बरं झालं. पण तिच्याकडे दुसरं होतं,
नर्सकडे असतंच.

मग तिला रिव्हर्स सापडेना.
छत्रीच्या मुठीसारखा गिअर, डॅशबोर्डातून बाहेर आलेला.
ढकलला, पिळला, ओढला,
गाडी प्रत्येक वेळी माझ्या भिंतीकडेच सरकली.
हसत उतरली आणि म्हणाली, तुम्हीच काढा.

मी बसलो.
आरसा माझ्याच उंचीला होता.
मागे, फाटकातून, लिंडनच्या झाडाला न घासता,
जशी रोज काढतो तशी.
रस्त्यावर उभी केली, इंजिन चालू ठेवून उतरलो.
आज तिने गाडी काढली.
बाहेर काढून दिली मी.

डिंकाचं सांगितलं. चोकचं सांगितलं.
इंडिकेटर वळल्यावर आपोआप बंद होत नाही,
हाताने करावा लागतो,
हे राहिलं.
चर्चपाशी ती उजवीकडे वळली.
पुढे रस्ता सरळ आहे, भिंतींच्या वरून दिसतो,
आणि दिसेनासा होईपर्यंत तो दिवा
उजवीकडे, उजवीकडे म्हणत होता.