रकाना

बावीस वर्षं मी जन्म-मृत्यूच्या खिडकीत बसतो.
भवानी पेठ, तळमजला, खांबाला लागून.
मधल्या काळात पंखा दोनदा बदलला.

नाव, लिंग, जन्माचं ठिकाण,
आईचं नाव, बापाचं नाव.
कोरा रकाना चालत नाही.
कोरा असेल तर माणूस परत येतो,
नेमका डबा उघडायच्या वेळी.

आणि जुन्या वह्या चाळून काहीच हाती लागलं नाही
तर आम्ही एक कागद देतो, शिक्क्यासकट:
सदर जन्माची नोंद आढळून येत नाही.

देव कधी रांगेत आलाच
तर त्याला देता येईल असा हा एकच दाखला,
मी सहज म्हणून गेलो टपरीवर,
आणि वर्षभराचा चहा त्यावर निघाला.

रास्ता पेठेतले शालोम पुगावकर म्हणाले,
आमच्यात त्याला नाव विचारलं
तर तो म्हणाला, मी आहे तो आहे.
घाल बघू आता आडनावाच्या रकान्यात.
बागवान चाचांनी बशी खाली ठेवली.
ना त्याला बाप, ना त्याला लेक,
एकाच रेघेत दोन्ही खोड.
भुसारवाले ललवाणी पोट हलवत हसले:
अरे, हे दुकान कोणी काढलंच नाही,
पहिल्यापासून आहेच ते. मालकाचा पत्ता कसला शोधतोस?
आमचा शिपाई धेंडे ग्लास विसळत होता.
ज्याच्या उत्तरानं दुखणं कमी होत नाही
असले प्रश्न मी घेत नाही, म्हणाला.
आज पैसे कोण देतंय?

मी गावचा दगड सांगितला,
मुळशीकडे, नांगराला लागलेला. स्वयंभू.
शेंदराचे थर इतके
की दगड कुठं सुरू होतो ते आता कुणालाच माहीत नाही.
नांगर धरणारा माझा खापरपणजा.
त्याचीही नोंद आढळून येत नाही.

मग डिसेंबरात ती आली. मंजिरी गोणते.
नाव संस्थेनं दिलेलं,
आडनाव कालव्यावरच्या रखवालदाराचं,
त्याला ती सापडली, अठ्ठ्याऐंशी साली, पहाटे,
पाण्याच्या टाकीच्या पायरीवर.
पासपोर्ट हवा होता. दोन रकाने कोरे.

माझ्या जिभेला वर्षभराची सवय.
म्हटलं, म्हणजे स्वयंभूच की तुम्ही.

ती हसली नाही.
पिशवीतून तिनं एक दुपटं काढलं,
धुऊन धुऊन पातळ झालेलं,
आणि काचेच्या फटीतून आत सरकवलं.
कड बघा, म्हणाली.

लाल दोऱ्याचे धावते टाके.
एका कोपऱ्यात चुकलेले,
उसवून पुन्हा घातलेले.
जुनी भोकं अजून दिसत होती.

दगड असतो स्वयंभू, साहेब.
मला कुणीतरी केलंय.
तिला वेळ होता एक टाका दुरुस्त करायला.
त्यापुढचं मला माहीत नाही.

मी कागद केला. तोच, शिक्क्यासकट.
दुसरा कुठला देणार?
शिक्का मारताना हात जरा हलका पडला,
पुन्हा मारावा लागला.

संध्याकाळी तळ्यातल्या गणपतीपाशी थांबलो.
थंडीत आमच्या पुण्यात देवाला स्वेटर घालतात,
डोक्याला कानटोपी.
आजवर मी याच्यावर किती हसलोय,
धेंडेला घेऊन, टाळ्या देत.

ज्याच्या आधी कुणीच नव्हतं
त्याच्यासाठी दुपटं कोण शिवून ठेवणार?
कोण पहाटे उठून कड मुडपणार,
चुकलं म्हणून उसवणार?
सगळे म्हणतात अजन्मा, अनादि,
आणि कसं मोठ्या मानानं म्हणतात.
मला पहिल्यांदा त्यात थंडी वाजली.

गर्दी होती. पुढचा माणूस सरकेना.
मी टाचा उंचावून बघत राहिलो,
डाव्या बाहीवर, कोपराजवळ,
कुणाच्या तरी सुईतून एक घर सुटलं होतं.