दहा किलोंच्या खालचं

जालन्याच्या सळईच्या कारखान्यात
मी वजनकाट्यावर असतो. रात्रपाळी.
भंगाराचा ट्रक येतो, चढतो, थांबतो.
भरलेला वजा रिकामा.
उरेल तेवढं खरं, तेवढ्याचीच पावती.
एकोणीस वर्षांत ड्रायव्हरांनी मला
आईबापाच्या, लेकराबाळांच्या शपथा घातल्या.
मी म्हणायचो, शपथ राहू दे, गाडी पुन्हा चढव.

आणि घरी आई.
डिसेंबर लागला की लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी
कात्रीनं कापून वचनं लिहायला बसते.
एकतीसच्या रात्री, बाराच्या घंटेआधी,
अख्खी मंडळी तिच्या बिस्किटाच्या डब्यातून
एकेक चिठ्ठी उचलते. वर्षभराची.
चौथी शिकलेली. पाठ आहे तसं लिहिते,
म्हणजे तिच्या तोंडी बसलंय तसं.
त्या वर्षी माझ्या हाताला आलं:
‘म्या बोललेलं इसरत नस्तो.’
पाळकसाहेबांनी चष्मा वर सरकवला,
“सगुणाबाई, हे कोणत्या अध्यायात?”
“अध्याय नाही ठाऊक,” आई म्हणाली,
“मला असंच ऐकू येतं.”

फेब्रुवारीत, सातव्या महिन्यातच, सुवार्ताला कळा आल्या.
काचेच्या पेटीत एक किलो एकशे ऐंशी ग्रॅम.
पायाच्या पट्टीवर नाव नाही, फक्त आईचं.
दुसऱ्या दिवशी अकराशे चाळीस.
तिसऱ्या दिवशी अकराशे दहा.
आकडे मला वाचता येतात.
सिस्टरला विचारलं, “काटा तपासलाय का?”
ती म्हणाली, “आधी उतरतंच हो सगळ्यांचं.”
त्या रात्री बाकावर बसून मी पाकिटातली चिठ्ठी काढली
आणि ड्रायव्हरशी बोलतो तसा देवाशी बोललो:
चढव वर. दाखव.

शेजारच्या पेटीतलं बाळ अंबडचं.
बाप बद्रीनाथ, पंक्चरचं दुकान,
आमचा डबा एकच झाला होता.
सहाव्या दिवशी पहाटे ती पेटी रिकामी झाली.
त्याला मी चिठ्ठी दाखवली नाही.
आजही दाखवणार नाही.
आई जिन्यावर त्याच्याजवळ बसून राहिली, उजाडेपर्यंत.
एक वचन तोंडातून काढलं नाही.
फक्त मधे उठून
गळता नळ बंद करून आली.

आमची नवव्या दिवशी वीस ग्रॅमनं वाढली.
मग पंधरा. मग काहीच नाही. मग तीस.
मला वाटायचं, विश्वास ट्रकसारखा येईल,
काटा हादरेल.
तो चमच्याच्या टोकावरून आला, थेंबभर दूध,
त्यातलंही निम्मं ओघळलेलं.
मधल्या एका दिवशी तर आलाच नाही.

एकेचाळिसाव्या दिवशी घरी नेताना
रिक्षा कारखान्याशी थांबवली.
सुवार्ता चिडली. ऊन होतं.
पोरीला छातीशी धरून मी काट्यावर उभा राहिलो.
आकडा: सत्तर.
एकटा उभा राहतो तेव्हाही सत्तरच.
आमचा काटा दहा-दहा किलोंनी मोजतो,
त्याच्या खालचं त्याला दिसत नाही.
एकोणीस वर्षं मला हे ठाऊक होतं.

याला पाच वर्षं झाली.
आईचा हात थरथरतो, पत्रिका आता मी कापतो.
रात्री जेवणाआधी तिची प्रार्थना लांबते,
पिठलं गार होतं, पोरगी एक डोळा उघडून भाकरीकडे बघते.
गल्लीतले, दुखणाईत, परगावी गेलेले,
आणि शेवटी, न चुकता,
‘आन् त्या अंबडच्या लेकराला.’
ज्याला नावही पडलं नव्हतं, त्याला.
एक रात्रही इसरली नाही.

मी डोळे मिटूनच ठेवतो.
आमेन म्हणायला मला थोडा वेळ लागतो.
म्हणतो.